बहिणीच्या कादंबरीत मी नाही

ओउतीची कादंबरी टपालाने आली,
पाकिटाचा कोपरा बर्फाने ओला.
बाबांनी आधी वाचली नाही.
एक पान दोन बोटांत धरून चोळलं,
खिडकीच्या उजेडासमोर धरलं, म्हणाले,
"सत्तर ग्रॅमचा. बरा आहे. आमच्या मशीनचा नव्हे."
एकतीस वर्षं केमीच्या गिरणीत कागद केला त्यांनी,
त्यातली किती शुद्धीत, ते कागदालाच ठाऊक.

मग पेन्सिलीला टोक काढून बसले,
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.
पूर्वी जिथे बाटली असायची
तिथे आता चष्म्याचं घर.

पुस्तकातल्या बापाचं नाव वेगळं आहे.
तो चौदाव्या प्रकरणात मरतो,
एप्रिलमधल्या पातळ बर्फावरून खाडी ओलांडताना.
परीक्षणांत लिहून आलंय, ते पान विसरता येत नाही.
आमचा मात्र मेला नाही.
आमचा सहा वर्षं दोन महिने थेंबाला शिवलेला नाही.
दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जातो,
येताना काळा पाव आणतो,
आणि कुणी न विचारता सांगतो, सरळ घरी आलो.
अशा माणसाचं कादंबरीने करायचं काय?
बरं होण्याला कथानक नसतं.
नुसते गुरुवार असतात, एकापुढे एक.

आणि मी तर त्यात नाहीच.
ओउतीने फोनवर सांगितलं होतं: यार्को, रागावू नकोस,
संपादक म्हणाली मुलगी एकटी हवी,
भाऊ असला की वाचकाला धीर येतो.
मी हसलो. नंतर बस डेपोतून काढताना
आरसा ठोकला खांबाला.
म्हणजे उणे वीसमध्ये त्यांना अंगणातून ओढत आणणारे हात
पुस्तकात कुणाचेच नाहीत.
तो माणूस आपोआप पलंगावर पोचतो.
उलटी आपोआप पुसली जाते.
मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा.
आपोआप होतो.

बाबा समासात लिहीत गेले.
पान तेवीस: होडी निळी नव्हती, हिरवी.
पान अठ्ठावन्न: कुत्र्याचं नाव बरोबर. आभार.
पान एक्याण्णव: सौना मी बांधली, तुझ्या मामाने नाही.
मला वाटलं, आता हा माणूस भांडणार
पानापानाशी, वकिलासारखा.
माशाच्या सूपवर साय धरली.

पान एकशे बारावर तो आईचं शिलाई मशीन विकतो.
फार छान लिहिलंय ओउतीने:
पायाने रेटायच्या बर्फगाडीवर मशीन,
त्यावर झाकलेला आईनेच शिवलेला टेबलक्लॉथ,
आणि शेजारणी पडदे सारून बघताहेत.
तिथे बाबा थांबले.
मी भांडी घासायला घेतली,
काही गोष्टी पाठीनेच बघाव्यात म्हणून.

ते झोपल्यावर उघडून पाहिलं.
अक्षर गिरवून गिरवून लिहिलेलं:
"एकदा नव्हे, दोनदा.
पहिल्यांदा यार्कोने सोडवून आणलं,
त्याच्या उन्हाळ्याच्या पगारातून.
मी परत विकलं."

एवढाच मी आहे. पेन्सिलीतला.

सकाळी त्यांनी पुस्तक बांधून दिलं,
वर तिकीट, ओउतीचा हेलसिंकीचा पत्ता.
आज तिसरा आठवडा, पाकीट माझ्या सीटमागे आहे.
टपालपेटी वाटेवरच लागते, ग्रंथालयाच्या थांब्यापाशी,
दिवसातून आठ वेळा दार उघडतो मी तिथे.
माणसं उतरतात, बूट आपटतात.
मी दार लावतो.

पहिली वेळ ओउतीला ठाऊक नाही.
आठ वर्षांची होती. शाळेतून आली,
खिडकीखालची रिकामी जागा बघत उभी राहिली.
मी म्हणालो, मशीन दुरुस्तीला गेलंय.
माझीही एक कादंबरी होती ती,
एका वाक्याची.
वाचक एकच.
तिने विश्वास ठेवला.