एक – शून्य – एक

पहिली चिठ्ठी श्रीशैलच्या बापाच्या खिशात
सदऱ्याबरोबर धुतली गेली.
लगदा तळहातावर घेऊन तो उमदीला शाळेत आला,
"सिस्टर, ह्यात काय होतं?"

तेव्हापासून वही घातली. दोनशे पानी, आखीव.
डावं पान माझं, उजवं जतच्या अत्तार मॅडमचं.
मंगळवारी जाते दुधाच्या गाडीतून,
गुरुवारी परत येते, कव्हरला आंबूस वास.

मी लिहिते: आठवी ब, हजेरी क्रमांक सतरा.
पावणेबाराला पडला.
आई म्हणते, आधी डोळ्यांत 'बेळकु' येतो,
म्हणजे मॅडम, उजेड.
मॅडम लिहितात: किती वेळ? मोजला का?
नव्हता मोजला. दोन्ही हातांत त्याचं डोकं होतं.
पुढच्या वेळी एका हातात डोकं, एका हातात घड्याळ:
दोन मिनिटं, दहा सेकंद.
मॅडमनी आकड्याखाली रेघ मारली.
ती शाबासकी होती, असं मी धरून चालते.

गोळ्या: १ – ० – १.
सकाळचा एक आईचा, रात्रीचा एक बापाचा,
मधलं शून्य शाळेचं.
त्यात गणित, कवायत, खिचडी
आणि मी.

हेडसरांना सांगितलं ते इतकंच:
कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका,
कुणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला आणली
तर आधी मला हाक मारा.

एक गोष्ट मात्र वहीत नाही.
सोमवारी शुद्धीवर आला तेव्हा त्यानं
आधी विजारीकडे पाहिलं,
मग दाराकडे. दारात आख्खी आठवी ब.
मी चादर ओढली, दार लोटलं.
त्याला रकाना नाही,
आणि दुधाच्या गाडीत वही कुणीही उघडेल.

गुरुवारी वही आली.
डोस तोच. रक्त तपासायची तारीख.
आणि सहीच्याही खाली, घाईच्या अक्षरात,
'सिस्टर, कपाटात एक कोरडी विजार ठेवत जा.
कुणासाठी, ते लिहू नका.'

मी कपाट उघडलं.
बँडेजच्या मागे ती होतीच, सोमवारपासून.
माझ्या धाकट्याची, निळी, नाडी नवी ओवलेली.

पुढच्या मंगळवारी डाव्या पानावर
बराच वेळ पेन धरून बसले.
दुधाच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा लिहिलं,
'आहे.'