गिऱ्ह्याचा केस

मी फायबरची माणसं करते.
तांबळडेगच्या वरच्या सड्यावर, पार्कच्या मागच्या शेडमध्ये.
पार्कच्या पाटीचं नाव तीनदा बदललं,
माझा पगार दोनदा.

पहिले मालक भाऊ पेडणेकर, काजूवाले.
मीटिंग कसली, गडग्यावर बसले आणि म्हणाले,
"कुबलीणबाय, माका खाडीयेतलो गिरो होयो.
पोरां भियाक होयी,
आनी परत रांगेत उबी रवाक होयी."
खर्चाचं विचारलं
तर काजूच्या तेलाने काळ्या पडलेल्या बोटाने
हवेत एक शून्य काढलं.
जरा थांबून आणखी एक.

मी कालवं फोडणाऱ्या बायांकडे जाऊन बसले.
गिऱ्ह्याचे पाय उलटे, एक म्हणाली.
दुसरी म्हणाली, पाण्यात राहणाऱ्याला पाय कशाला?
यावर दोघींचं भांडण, कोयती हातातच.
एका गोष्टीवर मात्र दोघी एक झाल्या :
गिऱ्ह्याचा केस उपटून
जो आपल्या मांडीत शिवून ठेवतो
त्याच्या घरी गिऱ्हा राबतो.
पाणी भरतो, जाळं ओढतो,
आणि सगळे झोपले की केस शोधतो.

डोळ्यांत मी शिंपल्याच्या आतला रंग भरला.
केस काथ्याचे, एकेक करून रोवले, अकरा दिवस.
बारावा दिवस आला नाही.
भाऊंनी एकावन्न टक्के विकले.

सबनीस साहेब आधी बिस्किटं विकत, त्याआधी विमा.
पडद्यावर तीन रकाने होते,
गिऱ्हा तिसऱ्यात, लाल.
"याला फोंडाघाटाच्या वर कोण ओळखतं?"
कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.
मग कंटेनरमधून डायनासोर आले,
थर्माकोलात गुंडाळलेले, सातही जणांना एकच आवाज.
खारा वारा दुसऱ्याच वर्षी मोठ्याच्या गळ्यातला स्पीकर खाऊन गेला.
तोंड उघडायचा आणि गप्प.
जांभई देतोय म्हणून पोरं हसायची.
खांद्यापर्यंत हात घालून मीच तो घसा दुरुस्त केला.
गर्दी झाली, खोटं का बोलू?
माझ्या घराचा हप्ता त्या सरड्यांनी फेडला.

सबनीस गेले ते आकड्यांनीच गेले.
एका तिमाहीत पाऊस जास्त पडला, इतकंच.

मग गार्गी मॅडम.
पहिल्या दिवशी एकट्याच फिरल्या,
बूट हातात घेऊन, सड्याच्या तापल्या कातळावर.
शेडमध्ये ताडपत्री उचलून म्हणाल्या, "हा कोण?"
मी सगळं सांगितलं.
केसाचं तेवढं सांगितलं नाही.
त्या बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिल्या.
"हाच आपला," म्हणाल्या. "इथला. खरा."
त्या रात्री मी माशाला मीठ दोनदा घातलं.

सोमवारी मुंबईहून कागद आला.
दात नकोत.
नखं नकोत.
पोट वाढवा, गाल वाढवा, पिवळी टोपी.
नाव गिरू.
बाटलीवर, टॉवेलवर, पोरांच्या दप्तरावर.
खाली सही मॅडमची, पण अक्षर जरा वाकडं,
की मलाच तसं दिसलं?

मी ग्राइंडर लावला.
दात जाताना पांढरा भुगा उडतो,
नाकात बसतो, दोन दिवस वास जात नाही.
टोपी बसवायला केस काढावे लागले.
झाडून टाकले सगळे.
सगळे म्हणजे, मोजले नाहीत.

आता गिरूच्या आत दाभोळकरांचा निलेश असतो,
दिवसाला सहाशे, जेवण धरून.
दुपारी सुरूच्या सावलीत तो डोकं काढून बाजूला ठेवतो,
डबा उघडतो.
काल एक मुलगी चुकून त्या बाजूला आली.
डोक्याकडे बघितलं, माणसाकडे बघितलं,
रडली नाही.
निलेश तेव्हा गाडीची चावी शोधत होता,
स्पंजच्या पिवळ्या मांड्या दोन्ही हातांनी चापपत.

"काय हरवलं?" तिने विचारलं.
तो चापपतच राहिला.