अंदाजे

जानेवारीचं वीजबिल आलं बत्तीस पौंड.
गेथिन म्हणाला, चौघांत आठ-आठ, चला, पबमध्ये.
टॅम्सिनने हीटरचा काटा आणखी दोन घरं पुढे सरकवला.
आम्ही टी-शर्टात बसून टोस्ट खाल्ले;
बाहेर ॲबरिस्टविथचा समुद्र
रस्त्यावर गोटे फेकत होता.

बिल कुणी वाचत नाही. आकडा बघतात, दुमडतात.
मी वाचलं, कारण त्या रात्री मला निबंध लिहायचा नव्हता.
स्थिर आकार, रोजचा :
दिवा लावा न लावा,
घराला तार जोडलेली आहे, एवढ्याचंच भाडं.
युनिट म्हणजे काय, तेही तेव्हा कळलं :
एका कांडीचा हीटर, एक तास.
आणि रीडिंगच्या पुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत : अंदाजे.
म्हणजे कुणी येऊन पाहिलंच नव्हतं.

जिन्याखालचं कपाट. मोडकी छत्री, रंगाचे डबे,
मोबाइलच्या उजेडात दोन मीटर शेजारी शेजारी.
आमचं म्हणून घरमालकाने दाखवलेलं डावीकडचं : ४४७१.
बिलावर : ४४१७.
मी तीनदा वाचलं.
उजवीकडचं ४४१७ जवळजवळ झोपलेलं.
डावीकडचं धापा टाकत होतं.

तळमजल्यावर मिसेस प्रॉथरो. वय एक्याऐंशी.
दार उघडलं तेव्हा अंगात ओव्हरकोट,
बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
मला वाटलं, बाहेर निघाल्यात.
नव्हत्या निघाल्या.

टेबलावर वही : किटलीत पाणी एकाच कपाचं,
मंगळवारी इस्त्री नाही,
आठनंतर बैठकीतला दिवा बंद.
तरी बिल वाढतच.
"मला वाटलं, मीच विसरते काहीतरी," त्या म्हणाल्या,
"रात्री उठून सगळी बटणं परत चाचपते."
मुलीलाही सांगितलं नव्हतं. तिने डॉक्टरकडे नेलं असतं.

गेथिनने कानावर फोन धरून चाळीस मिनिटं संगीत ऐकलं.
मग एका थकलेल्या बाईने हिशेब उलटा केला.
आमच्याकडून येणं : सहाशे अकरा.
टॅम्सिन म्हणाली, चूक तर घरमालकाची.
खरं होतं ते.
कुणीच पुढे काही बोललं नाही.
गेथिन आता शनिवारी मासे तळतो,
त्याच्या स्वेटरला वास येतो,
आणि तो स्वेटर तो घरातही घालतो.

दर महिन्याच्या एक तारखेला मी कपाटात उकिडवा बसतो.
बाहेर खुर्ची टाकून मिसेस प्रॉथरो,
पेन्सिल जिभेला लावून तयार.
मी आकडे ओरडतो, आधी त्यांचे, मग आमचे.
पहिल्या खेपेला मी सगळेच वाचले.
"लाल आकडा सोड," त्या म्हणाल्या,
"तो धरायचा नसतो."