झाकण

मीटिंग दुपारी बाराची, उपकेंद्रात, लसीच्या फ्रीजशेजारी.
तालुक्याच्या वाघमोडे मॅडम,
ग्रामसेवक, अंगणवाडीच्या गुलशन मुल्लाणी,
गुऱ्हाळाचे मालक बळवंत चौगुले, टोपी मांडीवर,
आणि मी, आशा.
फॉर्मवर नाव लिहायचं नसतं.
प्रकरण क्रमांक दोन. मुलगी. वय दोन वर्षं चार महिने.
मी मनात म्हणते, शर्वी.

मॅडम आधीच सांगतात:
इथं गुन्हेगार शोधायला बसलेलो नाही आपण.
पोलिसांचं काम पोलीस करतील.
आपण बघायचं, बाळ कुठल्या फटीतून निसटलं.
चौगुले टोपीची घडी उलगडतात, पुन्हा घालतात.

मग प्रश्न. एकाच्या पोटातून दुसरा.
रसाची टाकी उघडी का होती?
झाकण काढलं होतं.
का?
गुळाचे रवे टेम्पोत चढवायला फळी म्हणून लावलं होतं,
मार्केट यार्डाला सौद्याची घाई.
आधीची फळी?
मोडली, दिवाळीच्या आधीच.
आई कुठं होती?
चुलवाणापाशी, चिपाड सारत.
ते काम तर जळव्याचं?
जळव्या गेलता मेव्हण्याच्या बाराव्याला.
आणि अंगणवाडी?
एकला सुटते, गुलशनबी म्हणतात,
मग हळूच, स्वतःशीच: मी दारापर्यंत सोडलंवतं हिला.

रस किती होता टाकीत?
चौगुले हात गुडघ्यापाशी नेतात.
हात तिथंच राहतो.
फ्रीज गुरगुरत असतो.

सारिकाचा जबाब मी घरी जाऊन घेतला होता, आठ दिवसांनी.
तो वाचून दाखवते.
"माझी पोर छुमछुम करत हिंडायची वो.
एका पैंजणाचं घुंगरू तुटलं,
म्हणून आदल्या राती दोन्ही काढून ठेवली,
गुरुवारी सोनाराकडं न्यायला.
पायात असती तर मला ऐकायला आलं असतं.
एवढं लिवा ताई."
मॅडम, याला रकाना नाही.
त्या चष्मा काढतात.
'इतर'मध्ये लिहा, म्हणतात.
जागा नाही पुरली तर मागच्या बाजूला.

मागच्या बाजूला मला अजून एक लिहायचंय.
मी गेले होते त्या गुऱ्हाळावर,
नऊ दिवस आधी, वजन घ्यायला.
साडेदहा किलो. हिरव्या पट्ट्यात.
पोरगी माझा काटा सोडेना.
निघताना ती उघडी टाकी मी ओलांडली,
साडीचा काठ भिजू नये म्हणून उचलून.
काठ बघितला मी.
टाकी नाही बघितली.

कोणी काही म्हणत नाही.
चौगुले पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवतात.

ठरलं ते एवढंच:
सर्कलमधल्या एकेचाळीस गुऱ्हाळांवर बिजागरीचं झाकण,
उचलून नेता न येणारं.
हंगामात अंगणवाडी चारपर्यंत,
हा प्रस्ताव वर गेला, अजून वरच आहे.
माझ्या वहीत वजनाशेजारी एक नवा रकाना,
मीच पट्टीनं आखलेला.
एकतीस झाकणं बसली.
उरलेल्या दहांच्या मागं मी लागलेय.
एकजण म्हणाला, आमच्यात कुठं ल्हान पोरं हायत.
त्याच्या दारात दोरीवर झबलं वाळत होतं.

यंदा पौषात पुन्हा गेले, भोगावतीच्या अलीकडं.
काहिलीवर वाफ, वास तोच,
रस्त्यानं जाणाऱ्यांना गोड वाटणारा.
सारिका घाण्याला ऊस लावत होती.
मला बघून आली,
झाकणावर उभी राहिली,
टाचेनं दोनदा आपटून बघितलं.
हललं नाही.
मग रसाचा पेला पुढं केला.
मी घेतला.
बराच वेळ नुसता हातात धरला.