सातचं घर

दांडिया बाजारातल्या तिसऱ्या मजल्यावर
तीन हमालांनी आणि एका शिवीनं चढवलं हे धूड.
दारात नलू म्हणाली, देव्हारा आणलात की तिजोरी?
म्हटलं, डार्टचं मशीन. पाच रुपयांत एक डाव.
आणि बंद असताना कितीला?

सयाजीगंजातलं पार्लर मोडलं,
ठक्करशेठच्या मुलानं भंगाराच्या भावात दिलं,
वर म्हणाला, अंकल, चालू नथी, पण चालशे.
हे वडोद्याचंच व्याकरण:
चालत नाही, तरी चालेल.

आधी भोकं.
घराघरात मोडून राहिलेली प्लॅस्टिकची टोकं
बारीक खिळ्यानं मागून ढकलली, वाटीत काढली,
तांदळातून खडे निघावेत तशी.
दोनशे सहा. निवृत्त माणूस मोजतोच.

मग पडदा. दोन पातळ चादरी, मधे हवा.
डार्ट आदळला की एक दुसरीला शिवते
आणि मशीनला कळतं, लागलं.
सगळा खेळ एवढ्याशा शिवण्यावर.

बॅटरी फुटून बोर्डावर हिरवं साचलेलं.
व्हिनेगर, जुना टूथब्रश, मग स्पिरिट.
पॉलिटेक्निकात तीस वर्षं पोरांना सांगितलं,
घाई करू नका, तांबं चिडतं.
आता डाव्या हातानं उजवा धरून
मी डाग देतो.

चौथ्या दिवशी लाल आकडे पेटले.
घसा बसलेल्या बाईच्या आवाजात
मशीन इंग्रजीत काहीतरी बोललं.
नलूनं ऐकायला कुकर बंद केला.

नाणं मात्र घेईना.
नवं पाचचं टाकलं की खालून परत.
त्याला जुनंच हवं, जाड, खिशाला ओढ देणारं.
म्हणून नाण्याची वाट उघडली,
आणि पत्र्याच्या वळणाआड सापडलं:
जाड पाच. कडेशी एक मिलिमीटरचं भोक.
भोकात वीतभर दोरा,
उत्तरायणातून उरलेला, मांजा न चढवलेला.

भोक ओळखीचं.
ड्रिल माझं होतं.
बिट मी निवडलं, खोबरेलाचा थेंब मी सोडला,
आणि धाकट्याला, विश्वासला, म्हटलं,
हळू सोड, हळू ओढ, लोभ केलास तर तुटेल.
शहाण्णवचा उन्हाळा त्यानं त्या एका नाण्यावर काढला.
मी चौतिसाचा होतो. पोर नव्हतो.

आत डावीकडे एक काळा काउंटर आहे,
वीज नसली तरी न विसरणारा.
ठक्करशेठ रोज रात्री दोन्ही बघत,
काउंटरवरचे डाव आणि पेटीतली नाणी.
पेटीची किल्ली मनसुखकडे,
छाणीहून सायकलनं येणारा, सतरा-अठराचा,
शर्टाच्या खिशात कायम फडकं.
ऑगस्टात तो दिसेनासा झाला.
आम्ही विचारलं नाही.
विश्वास म्हणाला, बरं झालं, फार टक लावून बघायचा.

काल रात्री नवसारीला फोन केला.
विश्वास साखरेचे आकडे सांगत होता, जेवणाआधीचे, नंतरचे.
नाण्याचं सांगितलं तर हसला, खोकला येईपर्यंत.
काय दिवस होते दादा!
मनसुख आठवतो?
कोण मनसुख?

आता सगळी घरं लागतात. वीस, पाच, बारा,
मधला डोळासुद्धा, खणखणीत.
सात लागत नाही.
डार्ट रुतून बसतो, डोळ्यांसमोर डुलतो,
मशीनच्या लेखी काही घडलेलंच नाही.

नलूनं तीन वेळा मारून पाहिलं.
म्हणाली, एक घर राहू द्या हो, एवढं चालशे.
मी स्क्रूड्रायव्हर मागितला,
आणि छाणीची बस हल्ली कुठून सुटते
ते.