तीन बोटांवर

मनामा, एक्याऐंशीचा जानेवारी.
हॉटेलच्या बॉलरूममध्ये जेवण आणि नाटक,
माणशी चौदा दिनार, वाइनचे वेगळे.
सेट आमच्याच सुतारांनी ठोकलेला:
एक सोफा, तीन दारं.
मधलं दार समुद्राची ओल पिऊन फुगलेलं,
रोज दुसऱ्या अंकात अडायचं.

सगळे त्या दारांतून आत-बाहेर पळायचे,
कुणाची पँट हरवलेली, कुणाची बायको.
अवालीहून आलेले तेलवाले, बँकवाले, त्यांच्या मडमा
सूपचे चमचे खाली ठेवून हसायच्या.
मी भिंतीशी. हातावर नॅपकिन.
विनोद मला कळायचा तो हसू ओसरल्यावर.

मग तो यायचा. म्हातारा, बटलरच्या काळ्या कोटात.
काहीच करायचा नाही, नुसता उभा,
आणि टेबलाटेबलांवर कुजबुज सुरू:
‘अगं, हा तोच ना?’
‘कशात बरं होता?’
‘त्या सगळ्यांतच. दार उघडायचा.’
चेहरा सगळ्यांच्या घरातला,
नाव एकालाही येईना.
पोस्टरवर होतं, अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाला चिकटून:
ॲम्ब्रोज टिल्स्ली.

आमचा कॅप्टन लोबो म्हणायचा, साठ सिनेमे केलेत त्यानं.
साठांत मिळून वाक्य एकच:
‘गाडी आलीय, सर.’

रात्री साडेअकराला चारशे बारामधून फोन.
एक उकडलेलं अंडं. चहा. टोस्ट, कडा कापून.

दार त्यानंच उघडलं.
ड्रेसिंग गाऊन, रंग अर्धाच पुसलेला,
एक गाल गुलाबी, दुसरा त्याच्या वयाचा.
मी ‘गुड ईव्हनिंग’ म्हणायच्या आत
ट्रे त्याच्या हातात होता.
त्यानं हिसकावला नाही, मी दिला नाही.
संध्याकाळी गुरं आपापल्या गोठ्यात वळतात
तसा तो गेला.

तीन बोटांवर.
बिलावर सही करताना हा हात
पानभर भरकटायचा, मी पाहिलं होतं.
ट्रेखाली तो कापत नव्हता.
कपातला चहासुद्धा हलला नाही.

वळला. पाठ ताठ. मोजून सहा पावलं.
आणि गालिच्याच्या मधोमध थांबला.

खोलीत कुणी नव्हतं.
म्हणजे, ज्याला वाकून सांगावं
असं कुणी नव्हतं.
एसीची घरघर. काचेपलीकडे मुहर्रकचे दिवे.
दोघेही नोकर आम्ही, उभे.
अंडं निवत चाललेलं.

मग मी बसलो.
नोकरी गेली असती. वेंगुर्ल्याला पैसे पाठवायचे होते,
बहिणीचं ठरत होतं.
तरी बसलो, खुर्चीच्या काठावर,
दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा.

तो वाकला. किती वाकला? कमी-जास्त काही नाही.
ट्रे माझ्यापुढे ठेवला, सुरी उजवीकडे सरकवली,
आणि त्या साठ सिनेमांच्या आवाजात म्हणाला,
‘अंडं, सर.’

माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.
‘बॉबी?’
‘बाबली,’ मी म्हटलं. ‘बॉबी हॉटेलनं ठेवलं.’
‘माझं स्टुडिओनं,’ तो म्हणाला.
खरं काय, ते मी विचारलं नाही.
आता वाटतं, विचारायला हवं होतं.
अंडं आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. मीठ कमी होतं.

शनिवारी कंपनी मस्कतला गेली.
तेच नाटक, दारं नवी.

पुढे किती तरी वर्षांनी, स्टाफ क्वार्टर्समध्ये,
आठ जणांत एक टीव्ही,
रात्रीचा इंग्रजी सिनेमा, मुंग्या आलेला.
एक मोठं दार उघडलं. एक काळा कोट. केस काळे.
तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी
अहमदनं आवाज कमी केला, सकाळची ड्युटी होती म्हणून.

‘ह्याला ओळखतो मी,’ मी म्हटलं.
‘कोण आहे?’
‘ह्यानं मला जेवायला वाढलंय.’

हसले सगळे. मीही हसलो, थोडा उशिरा.
तोवर पडद्यावर दार लागलं होतं.