दोन अर्थ

पाकीट आलं नोव्हेंबरात, वीज खात्याचं.
मी ते टोस्टरला टेकवून ठेवलं
लेलँड खाली येईपर्यंत.
तो सायलोवर होता, एकशेदहा फुटांवर,
तबकडीचं तोंड फिरवत ह्रुस्काबाईंच्या घराकडे,
कारण त्यांची नात पडद्यावर
बोलता बोलता गोठायची, तोंड उघडं ठेवून.

अकरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं.
आता विचारलं, अगदी सभ्य शब्दांत:
आपण कोणत्या परवान्यावर हे काम करता?

"अठ्ठेचाळीस व्होल्ट," तो बूट काढत म्हणाला,
"गुरांच्या कुंपणात याच्या शंभरपट असतं."

पण पत्रात पोटकलमं होती.
तार ओढायला एक परवाना,
ती तार ज्या खोक्याला भेटते तिथे दुसरा,
आणि खोक्याला पाजणारी जी वीज,
तिला हात लावायचा तर चार वर्षं उमेदवारी,
कुणाच्या तरी हाताखाली.
हाताखाली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

आमच्या काउंटीत परवानेवाले दोन.
एक मार्चपर्यंत मोकळा नाही.
दुसरा डार्विन ओल्टमन्स,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला घाम फुटतो.
परवानाधारक कामावर हजर हवा, एवढंच पत्रात होतं.
किती उंचीवर हजर, ते नव्हतं.
म्हणून डार्विन पायथ्याशी उभा राहायचा,
हात खिशात, परवाना पाकिटात,
तासाला पंच्याऐंशी डॉलर,
आणि लेलँड वरच्या कठड्यावर वाकला की
डोळे गच्च मिटून घ्यायचा.

रात्री मी पुस्तक वाचायचे.
अक्षरं लेलँडपुढे पहिल्यापासून जागा बदलतात,
शाळेत मठ्ठ म्हणाले, त्यानं ते मानून टाकलं.
माझ्या आवाजात ऐकलं की मात्र पक्कं बसतं.
मी भांडी विसळत विचारायचे,
अर्थ म्हणजे काय?
"जिथे गेल्यावर विजेला पुढे कुठे जावंसं वाटत नाही."
पुस्तकात असं नव्हतं.
मी बरोबरची खूण केली.

मग एकशे सत्तावीस नंबरचा प्रश्न.
घराचा अर्थ एका कोपऱ्यात पुरलेला,
तबकडीचा तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात पुरलात.
दोघांना जोडणारी तार नाही.
जवळपास वीज पडली तर ती कुठून जाईल?

तो काही बोलला नाही.
मी चारही पर्याय पुन्हा वाचले.
त्यानं टेबलावरची मिरपूड उचलली,
मिठापासून दूर ठेवली,
आणि मधल्या रिकाम्या मेणकापडाकडे बघत राहिला,
जिथे माझा हात होता.

"घरातून," तो म्हणाला. "माणसांतून.
नोरीन, मी बत्तीस घरांत दोन अर्थ पुरलेत."

झोप आम्हाला दोघांनाही लागली नाही.
तीन वाजता तो वहीत नावं काढत होता,
म्हणजे नावं नाही, घरांची चित्रं:
छप्पर, खांब, कुत्रा असेल तर कुत्रा.
सकाळी निघालाच होता पहार घेऊन.
मी दारात म्हटलं, परवाना?
चूक केली तेव्हा कुणी मागितला नाही, तो म्हणाला,
ती निस्तरायला मागतात.
मग फोन उचलला. डार्विनला.

हे सगळं काम जमिनीवरचं.
डार्विन गुडघ्यांवर बसला, ह्रुस्काबाईंच्या भिंतीलगत,
गोठलेल्या मातीत चर खणत,
सहा नंबरची तांब्याची तार उलगडत,
आणि शिट्टी वाजवत होता.
त्याला शिट्टी येते हे मला ठाऊक नव्हतं.
लेलँड शेजारी उभा, बॅटरी धरून,
हात कुठे ठेवावेत ते न कळून.

ह्रुस्काबाई शाल घेऊन बाहेर आल्या.
हे कशासाठी, किती पैसे?
काही नाही, लेलँड म्हणाला, माझंच राहिलं होतं.
आतून नातीचा आवाज आला, अखंड,
काहीतरी मांजराबद्दल.

अजून एकतीस घरं.
परीक्षा मेमध्ये.
मीठ आणि मिरपूड मी आता
चिकटूनच ठेवते.